चौदा मिलिमीटरचा घोटा : ब्राँझची नर्तकी ओतताना

नर्तकीच्या मूर्तीसमोर उभं राहिलं की पाहणारा हात बघतो, मान बघतो, कमरेतला बाक बघतो. ओतारी घोटा बघतो. एका पायावरची मूर्ती, त्यातही चवड्यावर उभी, म्हणजे सगळा भार आणि सगळा तोल त्या एका अरुंद जागेवर. मोहेंजोदडोची नर्तकी घ्या. १९२६ साली सापडलेली, जेमतेम १०.५ सेंमी उंच, भरीव ओतलेली. दंडापर्यंतच्या बांगड्या जागच्या जागी आहेत, मानेवरचा अंबाडा आहे, पावलं मात्र नाहीत. चोळांच्या नटराजाचा पाय टिकतो, कारण तो अधांतरी नाहीच. पायाखाली आडवा पडलेला अपस्मार असुर, त्याखाली पीठ, भोवती प्रभावळ, आणि सगळं काम भरीव.

आधुनिक शिल्पाने हे आधार काढून घेतले. फ्रेंच चित्रकार-शिल्पकार देगाच्या मेणाच्या नर्तकींना अजून बाहेरून लोखंडी टेकू होते. आत तारा आणि बाटल्यांची बुचंसुद्धा निघाली. १९१७ साली तो गेला तेव्हा स्टुडिओत दीडशेच्या आसपास मूर्ती होत्या, पुष्कळशा मोडक्या. त्यातल्या सत्तरहून अधिक पॅरिसच्या एब्रार ओतशाळेत ब्राँझमध्ये आल्या आणि तिथे त्या टेकूशिवाय उभ्या राहू शकल्या. धातूने नृत्याला दिलेली मोकळीक ही अशी सरळसोट ताकदीची गोष्ट आहे.

पुढे व्हिएन्नात हेच काम आणखी सडसडीत झालं. १८९८ साली सुरू झालेली हागेनाउअर कार्यशाळा १९८७ पर्यंत चालली. संस्थापकाचा थोरला मुलगा कार्ल हा वास्तुकार योझेफ हॉफमानच्या हाताखाली शिकलेला, आणि हॉफमान म्हणजे १९०३ सालच्या ‘वीनर वेर्कश्टेटं’ या हस्तकला-कार्यशाळेच्या संस्थापकांपैकी एक. धाकटा फ्रान्त्सही शिल्पकारच. यांच्या नर्तकींना बोटं सुटी नसतात, चेहरा मुखवट्यासारखा, केस म्हणजे एक गुळगुळीत गोळा, हातपाय वेतासारखे. (बाजारात ‘ब्राँझ’ म्हणून फिरणाऱ्या त्यांच्या बऱ्याच वस्तू खरं तर पितळेच्या असतात, काही निकेल चढवलेल्या.) काहीच कोरलेलं नाही म्हणून हे काम सोपं असणार असं वाटतं. उलट आहे. दागिने, चुण्या, केसांच्या बटा असल्या की सांधा लपतो, साच्याच्या खिळ्याचं भोक लपतं, छिद्र लपतं. इथे लपायला जागाच नाही.

आम्ही ओतली ती मूर्ती याच वळणाची : उंची ६० सेंमी, डावा पाय चवड्यावर, उजवा मागे घेऊन गुडघ्यात वाकवलेला, एक हात वर. चित्रात घोटा १४ मिमी जाड होता. मूर्तीचं स्वतःचं वजन तो सहज पेलतो. ६–७ किलोने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कुणी मूर्ती वरच्या हाताला धरून ओढली तर. अर्ध्या मीटरवरून दहा किलोचा जोर आला की १४ मिमीच्या गोल घोट्यावर पडणारा ताण ब्राँझ कायमचं वाकण्याइतका होतो. गोल सळीची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १४ चा घन २७४४ आणि १८ चा ५८३२, म्हणजे नुसते चार मिमी वाढवले की ताकद दुपटीच्या वर जाते. पण १८ मिमीचा घोटा समोरून बघवेना, पाय एकदम खांबासारखा दिसायला लागला. शेवटी घोटा लंबगोल केला : समोरून १४, बाजूने २०. खऱ्या पायातही टाचेच्या वरचा स्नायुबंध मागे निघालेला असतोच, त्यामुळे ते खोटं दिसत नाही आणि पुढे-मागे वाकण्याची ताकद जवळजवळ १८ मिमीच्या सळीइतकी मिळते.

कामाचा क्रम असा : मातीचा नमुना, त्यावरून रबरी साचा, त्यात मेणाची प्रत, मेणाभोवती प्लॅस्टरचा साचा, आणि भट्टीत मेण गेलं की त्या पोकळीत ब्राँझ. मूळ नमुना तेलमातीत केला. शाडू या कामाला नको. घोट्यासारख्या बारीक जागी ती आधी वाळते आणि सळईभोवती गोल तडकते. आत ८ मिमीची सळई, हातांना ३ मिमीची ॲल्युमिनियमची तार, आणि सगळ्याला कमरेतून मागे जाणारा पाइपचा टेकू. हा टेकू पायातून घेतला तर घोट्यात सळई आणि माती दोन्ही मावत नाहीत. मूळ नमुना करतानाच आकुंचन धरावं लागतं : मेण थोडं आकसतं, ब्राँझ साधारण दीड टक्का, मिळून दोन-अडीच टक्के. ६० सेंमीची मूर्ती हवी तर मातीत साडेएकसष्ट. देगाच्या बाबतीत हीच गोष्ट पुराव्यासारखी कामी आली. पहिला ब्राँझ संच, ज्यावरून पुढचे सगळे काढले, तो आता अमेरिकेत पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, आणि तो पुढच्या प्रतींपेक्षा किंचित मोठा भरतो. ब्राँझवरून साचा घेऊन काढलेली प्रत नेहमी लहान होते. नकली माल ओळखायला कॅलिपर हे त्यामुळेच पहिलं हत्यार.

साचा सिलिकॉन रबराचा, तीन हातांत ६–७ मिमी, वरून फायबरचं दोन भागांचं कवच. मेणात मायक्रो-मेण सात भाग, पॅराफिन दोन, राळ एक. पहिला हात ब्रशने, मेण ८०–८५ अंशांवर, म्हणजे रबराची पूर्ण नक्कल उमटते. नंतर ६५–७० अंशांवर आलेलं मेण आत ओतून, घोळवून, परत ओतून काढायचं. दर वेळी दीड-एक मिमी चढतं. धड आणि मांड्या ४ मिमी जाडीच्या पोकळ. कोपरापुढचे हात आणि दोन्ही पायांचा गुडघ्याखालचा भाग भरीव. मेण गार व्हायच्या आत साच्यातून काढलं तर मांडी चपटी होते आणि ते त्या क्षणी दिसत नाही. म्हणून मेणाच्या मूर्तीवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा. मेणातला एक तास म्हणजे धातूतला एक दिवस, हे कुठल्याही ओतशाळेत ऐकायला मिळेल आणि ते खरं आहे.

वरचा हात वेगळा ओतायचा ठरलं. कुठे कापायचा? काखेत कापला तर सांधा सावलीत जातो, दिसायला बरं. पण काखेत कानस शिरत नाही. दंडाच्या मध्यावर कापला तर सांधा उघड्यावर येतो, पण चारही बाजूंनी कानस फिरते आणि तो पूर्ण नाहीसा करता येतो. दंडावरच कापला. मेणातच एका बाजूला १० मिमीची खुंटी आणि दुसऱ्या बाजूला तिचं घर केलं. याला रोमन जॉइंट म्हणतात. जोडताना हाताचा कोन चुकत नाही.

पहिली मूर्ती वाया गेली. कारणं दोन होती आणि दोन्ही आमचीच. एक म्हणजे पायाखालची १८ सेंमीची तबकडी मूर्तीबरोबर एकत्र ओतली. पाऊल तबकडीला मिळतं तिथे धातूचा जाड गड्डा होतो, तो सगळ्यांच्या शेवटी गोठतो. तोवर वरचा पाय आणि खालची तबकडी आकसायला लागलेली असते, मधल्या साच्याला दोघंही धरून असतात, आणि ओढ बसते ती अजून अर्धवट मऊ असलेल्या जागेवर. तिथे केसासारखी चीर गेली. बाहेरून घासून काढली तरी कापल्यावर आत दाणेदार, काळपट निघाली. म्हणजे ती गरम असतानाच फाटली होती. थंड झाल्यावर मोडलेल्या ब्राँझचा काप स्वच्छ असतो.

दुसरं, गाभा सरकला. धडाच्या पोकळीत भरलेला गाभा मेण वितळल्यावर फक्त मेणातून आत ठोकलेल्या खिळ्यांवर तरंगत राहतो. आणि तरंगतो हा शब्द अगदी अक्षरशः घ्या. गाभ्याची घनता पाण्याच्या दीडपट, ब्राँझची पावणेनऊपट. वितळलेल्या धातूचा रस आला की गाभा बुडवलेल्या चेंडूसारखा वर उसळतो. आम्ही चारच खिळे मारले होते, तेही सगळे आडवे. परिणाम असा की पाठ ६ मिमी आणि पोट २ मिमी, एके ठिकाणी तर सरळ भोक.

दुसऱ्या वेळी तबकडी काढून टाकली. पावलाखाली १२ मिमी जाड, ३५ मिमी लांब खुंटी ठेवली, तिच्यावर नंतर १० मिमीचे आटे पाडायचे. गाभ्यासाठी नऊ खिळे, त्यातले पाच तिरके, वर जाणाऱ्या ओढीला अडवणारे. शिवाय पाठीवर कमरेच्या वर ४ बाय ३ सेंमीची खिडकी कापली, जिथून आतला गाभा बाहेरच्या साच्याशी एकजीव होतो. खिडकीचा मेणाचा तुकडा जपून ठेवला, तो वेगळा ओतून नंतर बसवता येतो. गाभ्यातला वायू बाहेर पडायलाही हीच वाट.

मूर्ती उलटी ओतली, डोकं खाली, पाऊल वर. २० मिमीची मुख्य नळी रस ओतायच्या कपापासून खाली डोक्यापर्यंत नेली, म्हणजे रस तळातून शांतपणे चढतो, वरून पडून फेसाळत नाही. अडचण एकच : तळातून चढणारा रस वर येईतो गार झालेला असतो, आणि वर आमचा घोटा. म्हणून मुख्य नळीतूनच १२ मिमीची एक फाटा-नळी पोटरीला दिली, गरम रस थेट तिथे पोचावा म्हणून. पावलाच्या खुंटीवर ३० मिमी व्यासाचा रायझर ठेवला. पाऊल आकसताना लागणारा धातू तिथून मिळतो. हवेच्या वाटा ४ मिमीच्या. त्या कुठे द्यायच्या हे मूर्ती हातात उलटी धरूनच ठरवावं. सरळ मूर्तीत हवा कधी अडकणार नाही अशा जागी उलट्या मूर्तीत अडकते : मागे वाकवलेला गुडघा आता त्या पायाचा शेंडा झालेला असतो, आणि टोकदार हनुवटीत लिंबाच्या बीएवढी हवा हमखास अडकते. हनुवटीची वाट आम्ही पहिल्या वेळी विसरलो होतो, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

साचा प्लॅस्टर आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा), आपल्याकडे ज्याला इटालियन प्रोसेस म्हणतात तो. अंगालगतचा पहिला थर एकास एक, सुरखी कापडातून गाळलेली, ब्रशने आणि बोटांनी शिंपडून ८–१० मिमी. बाहेरचा भाग एक प्लॅस्टर, दोन सुरखी, मध्ये कोंबडीच्या जाळीचे दोन वेढे. पहिला थर देण्याआधी मेणावर स्पिरिटचा हात फिरवावा, नाहीतर पाणी थेंब धरतं आणि तिथे बुडबुडा राहतो. धातूत तो मोहरीएवढा गोळा होऊन बाहेर येतो. गोळा छिन्नीने उडवता येतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. लहानशा चेहऱ्यावर तो नाकाच्या बाजूला आला तर उडवताना नाकही जातं.

भट्टीत कप खाली करून ठेवला. पहिले आठ तास १५० अंशांच्या आत, फक्त पाणी आणि मेण जाण्यासाठी. मग तासाला २५–३० अंशांनी ६५० पर्यंत, आणि तिथे चौदा तास. यापुढे फार ढकलू नये, प्लॅस्टर भुसभुशीत व्हायला लागतं आणि गंधकाचा वायू सोडतं. मेण पूर्ण जळालं का हे धूर थांबल्यावरून कळत नाही. कपातून टॉर्च मारून आत बघावं : भिंती काळ्या असतील तर कार्बन शिल्लक आहे, पांढुरक्या गुलाबी झाल्या की झालं. ओलावा बघायला जुनी युक्ती आहे, हवेच्या वाटेवर थंड काचेचा तुकडा धरायचा. काच धुकटली तर अजून थांबा. ओल्या साच्यात १,१०० अंशांचा रस म्हणजे वाफ, आणि वाफ रस परत वर फेकते. साचा १५०–२०० अंशांवर आला की सरळ करून खड्ड्यात वाळूत ठोकून गाडला. वाळू तीन-तीन इंचांच्या थरांनी.

धातूबद्दल. बाजारात मिळणाऱ्या गनमेटलच्या लाद्यांत बहुधा पाच टक्के शिसं असतं. ते वाहतं छान, कापायला मऊ, पण शिसं तांब्यात विरघळत नाही, बारीक ठिपक्यांनी विखरून बसतं. घासलेल्या गुळगुळीत मांडीवर ते ठिपके रंग चढवताना वेगळे उठतात, आणि वेल्डिंगला जाळी पडते. खडबडीत मूर्तीला चालून जातं, या मूर्तीला नाही. म्हणून तांबं ९०, कथिल ८, जस्त २. वजनाचा हिशोब सोपा : मेणाची मूर्ती ७०० ग्रॅम, नळ्या-कप २८० ग्रॅम, एकूण ९८० ग्रॅम गुणिले साडेनऊ, वर दहा टक्के, म्हणजे सव्वादहा किलो. हात आणि खिडकीचा तुकडा वेगळ्या साच्यात, त्यांचा धातू वेगळा.

मुशीत आधी तांबं, वर कोळशाच्या तुकड्यांचं पांघरूण. वितळल्यावर रसातला ऑक्सिजन काढणारं फॉस्फर-कॉपर १० ग्रॅम, मग कथिल, शेवटी जस्त. हा क्रम उलटा केला तर तांब्यातला ऑक्सिजन कथिल खातो आणि त्याची कडक, न वितळणारी राख रसात फिरत राहते. जस्त टाकलं की पांढरा धूर येतो. मास्क नसेल तर संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. ओतण्याआधी आणखी १० ग्रॅम फॉस्फर-कॉपर, ढवळून मळ काढला, आणि १,१६० अंशांवर मूस बाहेर. पहिल्या वेळी १,०९० वर ओतलं होतं. मनगटाशी दोन बाजूंनी आलेला रस एकमेकांना भेटला पण मिसळला नाही, वेलीच्या दोन टोकांसारखी गोल ओठांची फट राहिली. १,२०० च्या वर जाण्यातही फायदा नाही, रस हवेतल्या वाफेतला हायड्रोजन पितो आणि गोठताना सोडतो. कप सतत भरलेला ठेवून सात-आठ सेकंदांत ओतून मोकळं व्हायचं. मध्ये हात थांबला की तिथे सांधा पडलाच. गुडघ्याच्या वाटेतून रस वर दिसला, मग हनुवटीच्या, मग रायझर भरला.

साचा दुसऱ्या दिवशी फोडला. लगेच पाण्यात घालण्याचा मोह होतो, कारण सुरखी मग झरझर सुटते. पण मूर्तीच्या मांड्या पोकळ आणि पोटऱ्या भरीव असताना ती असमान गार होऊन वाकते. नळ्या करवतीने अंगापासून ३ मिमी लांब कापल्या, उरलेलं कानशीने. लोखंडी खिळे सगळे काढावेत. आत राहिलेला एक खिळाही पावसाळ्यात गंजतो आणि वर्षभरात मांडीवर तपकिरी अश्रू येतो. भोकांना ५ मिमीचे आटे पाडून त्याच धातूच्या सळईचे तुकडे पिळून बसवले आणि वरून ठोकून पसरवले. खिडकी आणि हात टिग वेल्डिंगने. भरायची सळई त्याच मुशीतल्या धातूची, नळ्यांमधून कापून काढलेली. बाजारातली सिलिकॉन-ब्राँझची सळई वापरली तर घासल्यावर सांधा दिसत नाही, पण रंग चढवला की दंडावर फिकट कडं उमटतं. ते परत काढायचं म्हणजे सगळा रंग काढणं आलं.

आणि मग घासकाम, ज्याला लागणारा वेळ कुणी हिशोबात धरत नाही. आमचा ओतण्याचा दिवस एक, घासण्याचे अकरा. ग्राइंडर फक्त नळ्यांच्या बुंध्यांपुरता; गोलाईवर फ्लॅप डिस्क फिरवली की हलका खळगा पडतो आणि बोटाला तो लागत नाही. अर्धगोल कानस, एकदा डावीकडून तिरकी, एकदा उजवीकडून. दोन दिशांच्या रेघा एकमेकींना कापतात आणि जिथे कापत नाहीत तिथे खड्डा. मग पॉलिश पेपर १२०, २२०, ४००. खरी परीक्षा ट्यूबलाइटची. खोलीतले बाकी दिवे बंद, एकच नळी, मूर्ती हळूहळू फिरवायची आणि मांडीवरून सरकणारी उजेडाची रेघ बघायची. रेघ जिथे अडखळते, जाड होते किंवा मोडते, तिथे पृष्ठभाग चुकलाय. कमरेपासून गुडघ्यापर्यंत ती एका ओढीत घरंगळली पाहिजे. आमची रेघ खिडकीच्या वरच्या कडेला तीन दिवस मोडत राहिली. जोडलेला तुकडा पाव मिमीने खोल बसला होता. वेल्डिंगने थर चढवून पुन्हा घासावा लागला. ४०० च्या पेपरनंतर सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. ती कडेने हलके ठोकून मिटवावीत. लांबी (पुटी) भरली तर रंगाच्या आचेवर ती जळते.

आरशासारखं पॉलिश करायचं की रंग द्यायचा यावर आमच्यात दोन मतं होती. व्हिएन्नाची सवय चकचकीत धातूची. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघडी चकाकी काही आठवडेच टिकते, आणि लॅकर दिला तर कुठेतरी ओरखडा जाऊन त्याच्याखाली काळी बुरशीसारखी रांग पसरते. गडद तपकिरी रंग ठरला. मूर्ती गॅसच्या ज्योतीने ९०–१०० अंशांपर्यंत तापवली. पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला पाहिजे, नाचत पळाला तर फार गरम. आधी लिव्हर ऑफ सल्फर या गंधकाच्या क्षाराचं पातळ द्रावण, चहाच्या रंगाचं, मग धुऊन, स्कॉचब्राइटने हलकं काढून, परत तापवून फेरिक नायट्रेट दोन-तीन टक्के, ब्रशने टिपून. सहा-सात पातळ हात. एकदम दाट दिलं की पापुद्रा धरतो आणि नखाने सुटतो. घोटा बारीक असल्याने ज्योतीखाली क्षणात तापतो आणि मांडी मागे राहते, म्हणून ज्योत कायम जाड भागावर, घोट्याला उष्णता आतून चालत येऊ द्यायची. हे न पाळल्याने घोट्याला लालसर पट्टा आला होता, पायल घातल्यासारखा. कोमट असतानाच मधमाशीच्या आणि कार्नोबा मेणाचा हात, आणि यापुढे मूर्तीला हात लावायचा तो मोजे घालून. घामातलं मीठ महिनाभरात हिरवा ठसा उठवतं.

पाया काळ्या ग्रॅनाइटचा, २० सेंमी, ४ सेंमी जाड. खालून खुंटीच्या आट्यांवर नट, स्टेनलेसचा वॉशर आणि मध्ये नायलॉनची चकती, कारण ब्राँझ आणि स्टील ओलसर हवेत एकमेकांना खातात. दगडाच्या भोकात इपॉक्सी भरण्याआधी ओळंबा लावून पाहिला : बेंबीपासून सोडलेला दोरा पुढच्या चवड्याच्या आत पडला पाहिजे. तो चार मिमी बाहेर पडत होता. घोटा वाकवायचा नव्हताच. खुंटीचं भोक दगडात दीड अंश तिरकं घेतलं.

नेताना मूर्ती पेटीत आडवी ठेवावी, थर्मोकोल मांडीखाली आणि खांद्याखाली, घोटा दोन्ही बाजूंनी मोकळा. उचलताना एक हात दगडाखाली, एक मांडीला. वर केलेला तो सुंदर हात पकडून उचलायचा मोह प्रत्येक हमालाला होतो, म्हणून पेटीवर तसं मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.